कुत्र्याचे केस आणि घरातली भाकर

हे सदर माणसांच्या आरोग्याचे आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही आजचा विषय कुत्र्याच्या केसगळतीचा आहे. कारण सोपे आहे. केस कुत्र्याचे गळतात, पण त्याची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात येतात ती माणसेच. कुणाच्या मुलाला दमा असतो, कुणाच्या हातावर गजकर्ण उठलेले असते, कुणाला जेवणात केस सापडल्यापासून पोटात गाठ असल्याची शंका असते. मी गुरांचा डॉक्टर नाही. त्यामुळे या लेखात औषधे सांगणार नाही. अन्नाबद्दल मात्र सांगतो, कारण त्या प्रश्नाने माझी स्वतःचीही एकदा चांगलीच परीक्षा घेतली.

२०२३ च्या संक्रांतीनंतरची गोष्ट. दारव्ह्याकडच्या एका गावातून आजी-आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. पोराला महिनाभरापासून रात्री खोकला, पहाटे धाप. छातीला नळी लावली तर शिट्टीसारखा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी काही विचारायच्या आत आजींनी निदान सांगून टाकले, "डॉक्टरसाहेब, पोराच्या पोटात कुत्र्याचा केस गेला. दुसरं काई नाई. रोज सुपभर केस निंगते घरातून."

घरात कुत्रा होता तो गावरान नव्हता. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला. कोरोनाच्या काळात घरी बसून काम होते तेव्हा त्याने लॅब्राडोरचे पिल्लू घेतले. पुढे कार्यालये सुरू झाली, कुत्र्याकडे बघायला कुणी उरले नाही, आणि २०२२ च्या दिवाळीत अठ्ठावीस किलोचा ब्रूनो गाडीत बसून गावी आला तो कायमचाच. आजी त्याला 'बुरण्या' म्हणत. नातू आणि बुरण्या एकाच खोलीत झोपत.

"उद्या त्याले घाटात नेऊन सोडतो," आजोबा म्हणाले. पोरगा टेबलाच्या कडेला नखाने ओरखडे काढत होता, त्याने वर पाहिले नाही.

आधी त्या समजुतीबद्दल बोलू, कारण ती आपल्या जिल्ह्यात घरोघर आहे. केस ही मेलेली वस्तू आहे. तो पोटात गेला तर पचत नाही, दोन दिवसांनी शौचावाटे निघून जातो. एखाद-दुसऱ्या केसाने दमाही होत नाही आणि गाठही होत नाही. ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी असते त्यांना ती केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिने असतात त्यांची असते. केस हे फक्त त्यांचे वाहन. कातडी कोरडी पडली की कोंडाही जास्त उडतो. म्हणून केस गळणे कमी झाले तर घरातल्या दमेकऱ्याला थोडी मदत होते, पण तेवढ्याने काम भागत नाही. मात्र गाठीच्या समजुतीत एक खरा धागाही आहे. तो पुढे येईलच.

पोराची चौकशी केली तर दम्याला कारणे भरपूर सापडली. स्वयंपाकघरात चूल होती. अंगणात तुरीची मळणी सुरू होती. गोधडी आजीच्याही लग्नाआधीची असावी. मी श्वासाचा पंप लिहून दिला. "पंपाची सवय लागते" हा वाद नेहमीप्रमाणे झाला. तो मिटवून मी सांगितले की कुत्र्याने पोराच्या खोलीत झोपायचे नाही, चूल पेटली असताना पोराने तिथे बसायचे नाही आणि मळणीच्या दिवशी त्याला शाळेत पाठवायचे. आणि आजोबांना सांगितले की जनावराला उपाशी-तहानेले मरेल अशा ठिकाणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचा धाक दाखवायला मला आवडत नाही, पण त्या दिवशी दाखवला.

मग सहज विचारले, "खातो काय तो?"

आजी जरा दुखावल्याच. "आमी खातो तेच त्याले देतो. सकाळी दूध-भाकर, राती वरण-भाकर. त्याचं काई कमी नाई केलं."

पुण्यात तो पिशवीतले तयार अन्न खात होता. दिवाळीपासून दूध-भाकर. केस गळू लागले ते डिसेंबरात. मला यात काहीतरी धागा दिसला, पण माझा त्यातला अभ्यास नव्हता. म्हणून त्यांना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रा नेऊन दाखवायला सांगितले, आणि रात्री स्वतः पुस्तके काढून बसलो. तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. पुढे जे लिहितो आहे त्यातला बराचसा भाग त्यांच्याकडून शिकलेला आहे.

केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. माणसाच्या डोक्यावर केस असतात. कुत्र्याच्या सगळ्या अंगावर. त्यामुळे रोजच्या अन्नातून मिळणाऱ्या प्रथिनांपैकी पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतचा वाटा कुत्र्याची कातडी आणि केसच खाऊन टाकतात. प्रथिने कमी पडली तर शरीर हृदय, यकृत, स्नायू यांची सोय आधी लावते. केसांचा नंबर शेवटचा. घरात पैसा कमी पडला की आपण रंगरंगोटी पुढे ढकलतो, तसेच. केस निस्तेज होतात, लवकर तुटतात, गळतात आणि नवे यायला वेळ लागतो.

आता आपली ज्वारी. ज्वारीत प्रथिने साधारण दहा टक्के असतात, म्हणजे अगदीच कमी नाहीत. पण त्यांत लायसिन नावाचा आवश्यक घटक फार थोडा असतो. स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आसपास. माणूस भाकरीबरोबर वरण, भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताक असे काही ना काही खातो आणि उणीव भरून निघते. कुत्र्याच्या ताटात मात्र भाकरच जास्त पडते, बाकीचे नावापुरते.

ज्वारी आणि कुत्रा यांच्यावर संशोधन झालेले आहे, आणि तेही आपल्या शेजारच्या हैदराबादला, हे मला त्या रात्री पुन्हा आठवले. कॉलेजात कधीतरी वाचले होते. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा नावाचा रोग होत असे. उन्हात उघडी पडणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, पुढे डोक्यावरही परिणाम होतो. मक्यावर जगणाऱ्या लोकांना तो होतो हे जगाला माहीत होते. ज्वारीवाल्यांना का होतो हे कोडे होते. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत, जिला पुढे राष्ट्रीय पोषण संस्था असे नाव मिळाले, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. बेलवाडी यांनी कुत्र्यांना मुख्यतः ज्वारीचा आहार देऊन पाहिला. कुत्र्यांना 'काळी जीभ' हा रोग झाला. हा कुत्र्यांमधला पेलाग्राच. हे काम १९६५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या आधी, १९३७ साली, अमेरिकेत एल्व्हेजम यांनी नायसिन देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली होती आणि त्यातूनच माणसांच्या पेलाग्रावर औषध मिळाले होते.

हा प्रयोग केसगळतीचा नव्हता आणि प्रयोगातला आहार आपल्या घरच्या आहारापेक्षा कितीतरी एकसुरी होता, हे सांगायलाच हवे. आपल्या गावातली कुत्री ज्वारीने मरत नाहीत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षे राहिल्यामुळे कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची चांगली शक्ती आलेली आहे. २०१३ साली 'नेचर' मध्ये आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत असतात. तेव्हा "कुत्र्याला भाकर म्हणजे विष" असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. भाकर चालते. भाकरीवरच सगळा संसार चालत नाही, एवढेच. शिवाय गावरान कुत्रा दिवसभर हिंडून उंदीर, घोरपडीची अंडी, मेलेले जनावर असे काहीतरी मिळवतो. साखळीला बांधलेल्या बुरण्याला तेही नव्हते.

ज्वारीइतकीच दुसरी उणीव स्निग्ध पदार्थांची. इथेही गोष्ट प्रयोगशाळेतूनच सुरू होते. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना अजिबात चरबी नसलेले अन्न दिले. उंदरांची कातडी खवल्यासारखी झाली, केस गळले. त्यावरून कळले की काही स्निग्धाम्ले शरीराला बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यातले मुख्य लिनोलेइक आम्ल. पुढे हॅन्सन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने, म्हणजे माणसांच्याच डॉक्टरने, वीझी या सहकारी बाईंबरोबर कुत्र्यांवर हेच काम केले आणि १९५१ साली मांडले. चरबीविना वाढवलेल्या कुत्र्यांची कातडी कोरडी, कोंड्याने भरलेली, केस राठ. हॅन्सन यांचा खरा रस तान्ह्या मुलांच्या इसबात होता, पण कुत्र्यांनी त्यांना वाट दाखवली. मुलांचा डॉक्टर कुत्र्यांच्या केसात कसा शिरतो, हे मला त्यामुळे फारसे नवल वाटत नाही.

हे लिनोलेइक आम्ल आपल्याकडे कशात आहे? करडईच्या तेलात जवळजवळ पाऊण भाग तेच असते. सोयाबीनच्या आणि शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास. शेंगदाण्याच्या तेलात त्याहून कमी. पामतेलात दहा टक्क्यांच्या आसपास आणि खोबरेल तेलात फक्त नावाला. कुत्र्याच्या पोळीला डबाभर खोबरेल चोपडणाऱ्या शहरी मंडळींनी हे लक्षात ठेवावे. आणि एक इशारा: सरकीचे तेल म्हणजे सरकीची ढेप नव्हे. ढेपेत गॉसिपॉल नावाचा विषारी पदार्थ असतो. गाई-बैलांना तो बराचसा पचतो, कुत्र्याला नाही. गोठ्यातल्या टोपल्यात कुत्रा तोंड घालणार नाही, इकडे लक्ष असू द्यावे.

जवसाबद्दलही विचारतात, कारण आपल्याकडे जवसाची चटणी घरोघर. जवसात दुसऱ्या प्रकारचे उपयुक्त स्निग्धाम्ल असते, पण ते मासळीत ज्या रूपात असते त्या रूपात बदलण्याची कुत्र्याच्या शरीराची शक्ती थोडी आहे. जवस भाजून, दळून चमचाभर घातल्याने नुकसान नाही. पैनगंगेच्या काठच्या लोकांनी आठवड्यातून एकदा मासा उकडून, काटे काढून दिला तर जास्त बरे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बुरण्याची कातडी खरवडून तपासली. खरूज नव्हती, गोचीड थोडे होते. वजन चार किलोने उतरले होते. त्यांनी आहार बदलून दिला. भाकर निम्मी करायची. रोज दोन उकडलेली अंडी. घट्ट वरण किंवा उकडलेल्या सोयावड्या. आठवड्यातून तीनदा उकडलेली कोंबडी. तेल अर्ध्या चमच्यापासून सुरू करून पंधरा दिवसांत दोन चमच्यांवर न्यायचे. घरच्या अन्नात चुना आणि जस्त यांचा तोल राहत नाही म्हणून वजनाप्रमाणे खनिज मिश्रण. ते मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच द्यायचे. लाडाने चुना वाढवला तर अन्नातले जस्त अंगी लागत नाही आणि जस्त कमी पडले की कातडी पुन्हा बिघडते. दूध पूर्ण बंद नाही, पण मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना ते पचत नाही. जुलाब होतात आणि खाल्लेले वाया जाते.

यावर आजींनी मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हते. "आता कुत्र्याले अंडे खाऊ घालाचे? अन् पोराले?"

त्यांचे चुकीचे नव्हते. त्या वर्षी कापसाचा भाव पडला म्हणून घरात ओढ होती. पोराची नखे पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. रक्त कमीच होते. मी सांगितले, घरात तीन अंडी येत असतील तर पहिले पोराचे. कुत्र्याला एक द्या आणि सोयावडी वाढवा. सोयाबीन तर तुमच्याच घरात पोत्याने आहे; फक्त कच्चे किंवा नुसते भिजवलेले देऊ नका, चांगले शिजवून द्या. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिने पचू देत नाही. पुण्याच्या मुलाला मी स्वतः फोन लावला आणि जरा स्पष्टच बोललो. कुत्रा त्याचा होता. त्याने दर महिन्याला कुत्र्याच्या नावाने पैसे पाठवायला सुरुवात केली. त्यातून नातवाचीही अंडी निघू लागली, असे मला नंतर कळले. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

काय देऊ नये ते थोडक्यात सांगतो. आपला वऱ्हाडी रस्सा कुत्र्याला अजिबात देऊ नये. तिखटापेक्षा त्यातला कांदा-लसूण घातक. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षे, चॉकलेट बंद. शिजवलेली हाडे कडक होऊन चिरतात, आतड्यात रुततात. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक रोज देत राहिल्यास बायोटिन नावाचे जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि त्यानेही केस जातात. म्हणजे केसांसाठी अंडे द्यायचे आणि केस घालवायचे. कलेजी रोज देऊ नये, अ जीवनसत्त्व अंगात साठते. आणि तेल एकदम वाटीभर ओतू नये. स्वादुपिंडाला सूज येऊन जनावर दगावू शकते. तापाची आपली गोळी कुत्र्याला देणारेही मी पाहिले आहेत. तेही नको.

आता माझी चूक सांगतो.

महिन्याभराने पोराची तपासणी होती. दमा बराच आटोक्यात होता. आजोबा खुशीत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कोंबडी महाग पडते म्हणून मटणाच्या दुकानातून फुप्फुसं आणतो. तो फेकूनच देते, फुकटात भेटते. तशीच टाकतो, कचाकचा खाते." माझ्या हातातला पेन थांबला. तालुक्याच्या डॉक्टरांनी 'उकडलेले' असे सांगितले होते. मी पोराच्या पंपाबद्दल दहा वेळा बजावले आणि कुत्र्याचे मांस शिजवूनच द्यायचे, हे एकदाही बजावले नाही. मांस वाढवा म्हटले की गरीब माणूस स्वस्त मांसच शोधणार, हे मला सुचायला हवे होते.

गाठीच्या समजुतीतला खरा धागा तो हा. हायडॅटिड नावाचा एक रोग आहे. त्याचा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, अगदी लहान, काही मिलिमीटरचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, कुत्र्याच्या अंगाला, केसांना चिकटतात. शेळ्या-मेंढ्या ती चाऱ्याबरोबर खातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या तयार होतात. ते कच्चे फुप्फुस कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण. माणसाच्या हातातून ती अंडी तोंडात गेली तर तशीच पिशवी माणसाच्या यकृतात होते, कधी फुप्फुसात. वाढायला वर्षे लागतात. दुखत नाही म्हणून कळत नाही. फुटली तर जीवावर बेतते. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात असे पाच रुग्ण मी शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवले आहेत. त्यांतल्या एका बाईंच्या यकृतातली पिशवी नारळाएवढी होती. त्यांच्या घरी कुत्रा होता आणि नवऱ्याचा बकरे कापण्याचा धंदा. म्हणजे गाठ केसाने होत नाही, पण केसावर बसून येऊ शकते. जुन्या बायकांचे अगदीच खोटे नव्हते.

मी आजोबांना बसवून हे सगळे चित्र काढून सांगितले. ते गप्प झाले. मग म्हणाले, "तं आमच्या पोराले?" तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चार आठवडे कुत्रा कच्ची फुप्फुसे खात होता. दिलासा एकच होता. असे मांस खाल्ल्यापासून कुत्र्याच्या विष्ठेत अंडी पडू लागायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याच दिवशी कुत्र्याला जंताचे औषध द्यायला पाठवले. या जंताला लागू पडणारे औषध प्राझिक्वांटेल. नेहमीचे प्रत्येक जंतुनाशक त्यावर चालत नाही, म्हणून ते पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. त्यानंतरचे काही दिवस कुत्र्याची विष्ठा खोल पुरायला लावली. फुप्फुसे बंद झाली नाहीत, पण अर्धा तास उकळून मगच ताटात पडू लागली. आजींनी त्यासाठी अंगणात वेगळी चूल आणि वेगळे भगोणे ठेवले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी केसांकडे पाहताना एक फरक लक्षात घ्यावा. सगळ्या अंगाचे केस सारखे झडत असतील, कातडी खाली स्वच्छ असेल, कुत्रा खाजवत नसेल, तर ते ऋतूचे झडणे असू शकते. दिवस मोठा-लहान होतो तसे कुत्रा कोट बदलतो. ते कोणत्याही अन्नाने थांबत नाही आणि थांबवूही नये. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दुहेरी कोट असतो, त्यांचे जास्त झडतात. उन्हाळ्यात दया येऊन त्यांचे केस सफाचट काढू नका. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात त्याच केसांची कातडीला सावली असते. रोज फणी फिरवली की निम्मे केस घरात पडण्याऐवजी फणीत येतात. कुत्रीला पिल्ले झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी केस जातात. बाळंतिणीचे तिसऱ्या महिन्यात जातात तसेच ते, पुन्हा येतात. भादव्यात लागलेली कुत्री कार्तिकात विते आणि मार्गशीर्षात तिचे केस जाऊ लागले की लोक दृष्ट काढतात. त्यापेक्षा पिल्ले पीत आहेत तोवर तिचे अन्न दुप्पट करावे.

पण जागोजागी चट्टे पडले असतील, कातडी लाल किंवा जाड झाली असेल, कुत्रा रात्रंदिवस खाजवत असेल, तर अन्न बदलत बसू नका. ती लूत असेल, गजकर्ण असेल, गोचीड-पिसवांची ॲलर्जी असेल. गजकर्ण आणि एका प्रकारची खरूज माणसाला लागते. पोटावर, दंडावर, जिथे पोरे कुत्र्याला कवटाळतात तिथे उठते. माझ्याकडे येणाऱ्या अशा पोरांना मी मलम देतो, पण कुत्र्याचा इलाज झाल्याशिवाय ते पुन्हा येतात. जळालेले ऑइल कुत्र्याच्या अंगाला फासणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. तो करू नका. कुत्रा ते चाटतो आणि मरतो. दोन्ही बाजूंचे केस सारखे, खाज नसताना गळत असतील आणि कुत्रा सुस्त व जाड होत असेल, तर ग्रंथींचा दोष असू शकतो. त्यालाही रक्त तपासावे लागते. आणि तपासायला नेलेच आहे, तर पिसाळण्याविरुद्धची लस टोचून आणा. केसांचे एक वेळ चालेल, तिच्यात चालढकल नको.

बुरण्याचे काय झाले ते सांगून थांबतो. अन्न बदलल्यावर पहिला महिना काहीच फरक नव्हता. आजोबा मला फोन करून ऐकवत. केसाला मुळातून नवे यायला सहा-आठ आठवडे लागतात, हे मी तितक्याच वेळा ऐकवत असे. होळीच्या सुमारास कातडीवरचा कोंडा गेला, अंगाला तकाकी आली, वजन परतले. घरात निघणारे केस सुपावरून मुठीवर आले, असे आजींचे माप. मग पाडवा झाला, ऊन तापले आणि पुन्हा ढिगाने केस! आजोबा तणतणत आले. तो ऋतूचा कोट होता. वैशाखात आपोआप थांबला.

पोराचा पंप अजून सुरू आहे, गरजेपुरता. मागच्या वेळी आला तेव्हा त्याने दारातच विचारले की बुरण्या आता खोलीत झोपला तर चालेल का. मी नाही म्हटले. त्याने आजोबांकडे पाहिले, आजोबांनी छताकडे. बुरण्या कुठे झोपतो हे मी पुढे विचारले नाही, गोधडी मात्र उन्हात घालत जा म्हणून सांगितले.